आप्पांनी बसवलेली टाकी

भाऊ खोतांच्या पिकअपची डिझेलची टाकी गंजून चाळण झाली होती आणि भाऊ ती कुणाला हात लावू देत नव्हते.

गाडी जुनी, गाव समुद्राकाठचं. खाऱ्या वाऱ्यानं टाकीचा पत्रा पार खाल्ला होता. भाऊंची आंब्याच्या कलमांची मोठी बाग. पावसाळ्यात गावोगाव कलमं पोचवायची ती याच गाडीनं. पण आता गाडी उभी राहील तिथे डिझेलचा डाग पडायचा, आणि टाकीतला गंज नळीत अडकला की गाडी चढणीवर आचके देऊन बंद पडायची. मागच्याच आठवड्यात ती घाटाच्या वळणावर बंद पडली आणि उताराला मागे मागे जायला लागली. गोविंद पाष्टे हा भाऊंचा जुना ड्रायव्हर. त्यानं कशीबशी ती कठड्याला टेकवली. घरी आल्यावर तो जेवला नाही. त्याची मुलगी वैजू हे सगळं बघत होती.

गोविंदनं भाऊंना अनेकदा विनवलं होतं. तालुक्याच्या मेस्त्रीनंही सांगितलं की आता ठिगळ लावायलाही धड जागा उरलेली नाही, नवीच टाकी हवी. भाऊंचं उत्तर ठरलेलं. ती टाकी त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतः गाडीखाली झोपून बसवली होती. आप्पा गेले, पण त्यांच्या हातचं काम गाडीत आहे, ते राहणार.

शेवटी वैजूच भाऊंकडे गेली. ती बागेतच कलमांच्या कामाला होती, त्यामुळे भाऊंना तिची सवय होती. तिनं घाटातली गोष्ट सांगितली. भाऊ जरा चरकले, पण हट्ट सोडतील तर ते भाऊ कसले!

"बदला की टाकी," ते म्हणाले. "माझी ना नाही. फक्त एक. आप्पांनी बसवली, ती आप्पांच्याच हातांनी निघाली पाहिजे. आण ते हात, आणि माग काय मागायचं ते. नाही आणलेस, तर टाकी हा शब्द पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही."

गोविंदनं हे ऐकून कपाळाला हात लावला. गेलेल्या माणसाचे हात आणायचे कुठून? वैजूनं मात्र मेस्त्रीला निरोप धाडला की कलमं घ्यायला गर्दी होईल त्या दिवशी नवी टाकी घेऊन ये.

श्रावणात जरा उघडीप मिळाली, तशी कलमं घ्यायला बरीच माणसं बागेत आली. मांडवाखाली भाऊ स्वतः कलम बांधत बसले होते, शेजारी त्यांची लहान लेक बघत होती. कोयीचा कोवळा कोंब चिरायचा, त्यात हापूसची काडी बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. त्यांची बोटं अशी चालत होती की माणसं खरेदी विसरून बघत राहिली.

वैजू पुढे येऊन म्हणाली, "भाऊ, आम्ही दहा बांधली तर चार मरतात. तुमचं एक वाया जात नाही. हा हात कुणाचा?"

भाऊ खुलले. "कुणाचा म्हणजे? आप्पांचा! मनगट तेवढं माझं. हात आप्पांचाच आहे, कुणालाही विचार."

वैजूनं पाठीमागे धरलेला पाना पुढे केला.

"मग हा घ्या. टाकी याच हातांनी निघायची होती ना?"

गोविंदनं डोळेच मिटून घेतले. भाऊंनी एकदा पान्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे.

"मी कलमापुरतं म्हटलं," ते पुटपुटले.

"कलमाला आप्पांचा आणि पान्याला भाऊंचा, असे हात बदलता येतात होय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग भाऊंच्याच पोटातून हसू फुटलं आणि त्यांना आवरेना. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि पाना घेऊन निघाले.

गोविंदनं उरलंसुरलं डिझेल काढून घेतलं, मेस्त्रीनं गाडीला टेकू दिले आणि भाऊ खाली शिरले. नटांनी बराच वेळ दाद दिली नाही. गंजाची पूड भाऊंच्या मिशांवर पडत होती, ते खोकत होते, पण पाना कुणाला देत नव्हते. शेवटी टाकी आवळून धरणारा पट्टा सुटला, टाकी खाली उतरली, पण भाऊ बाहेर येईनात. वैजूनं वाकून विचारलं, लागलं का.

भाऊ रबराचा एक तुकडा हातात घेऊन बाहेर आले. टाकी घासू नये म्हणून आप्पांनी तो पट्ट्याखाली घातला होता.

"माझ्या सायकलची ट्यूब," भाऊ म्हणाले. "लहानपणी हरवली म्हणून मी सगळं गाव पालथं घातलं होतं. आणि आप्पाही माझ्याबरोबर शोधत होते!"

ते हसत होते, पण डोळे त्यांना पंच्यानं पुसावे लागले. ट्यूब त्यांनी खिशात ठेवली आणि नवी टाकीही स्वतःच बसवली.

हात धुता धुता त्यांना पुन्हा खोडी काढावीशी वाटली. "वैजू, आता ही टाकी मी बसवली. ही गंजेल तेव्हा कोण काढणार?"

"तुमची लेक," वैजू म्हणाली. "पण तिला आजपासूनच पाना धरायला शिकवा. नाहीतर तिलाही कुणीतरी असं चारचौघांत गाठायचं!"

भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग ते म्हणाले, काय हवं ते माग. वैजूनं लायसन कधीचं काढून ठेवलं होतं, पण भाऊंच्या गाडीला गोविंदशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. तिनं किल्ली मागितली.

दुपारी कलमं भरून गाडी घाट चढली ती एकदाही न अडखळता. चाक वैजूच्या हातात होतं. शेजारी गोविंद उगाचच पायानं ब्रेक दाबत होता, आणि मागे कलमांच्या गर्दीत बसलेले भाऊ आणखी जोरात हाण म्हणून टपावर थाप मारत होते.