चारांच्या पलीकडचं

“आणि तुझं-माझं?” अचलनाथांनी विचारलं. “ते या चारांपैकी कशात बसतं?”

त्रिविक्रम मनातल्या मनात हसला. एवढा सोपा प्रश्न!

बालाघाटाच्या पायथ्याच्या अचलनाथांच्या मठात आज त्यांच्या या शिष्याचा दिवस होता. सकाळी हैबती आणि रंभाजी भांडत आले होते. दोघांकडे एकेकच बैल. वर्षानुवर्षं ते सावड करायचे, दोन बैलांची जोडी जुंपून आळीपाळीनं दोघांची रानं नांगरायचे. परवा रंभाजीच्या रानात हैबतीच्या बैलाला पान लागलं, साप डसला. बैल गेला. हैबतीनं किंमत मागितली आणि रंभाजी कळवळला. म्हणाला, “मी याला पाठचा भाऊ समजत होतो, आणि हा माझ्याशी बाजार करतोय!”

अचलनाथांनी नुसतं त्रिविक्रमकडे पाहिलं.

त्रिविक्रमनं दोघांना समोरासमोर बसवलं.

“तुम्ही ना भाऊ, ना गिऱ्हाईक,” तो म्हणाला. “आज तुझं रान, उद्या त्याचं. तुमचं नातं पाळीचं आहे. रंभाजी, तुझ्या गोठ्यातला गोऱ्हा हैबतीच्या दावणीला बांध. बैलाला बैल. मिटलं.”

आणि खरंच मिटलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले आणि बरोबरच घरी गेले. मठातली माणसं त्रिविक्रमकडे बघतच राहिली. अचलनाथांच्या मागं गादीवर कोण, हे आता कुणी विचारायला नको होतं.

ते सगळे पांगल्यावर त्यानं गुरूंना आपला सिद्धांत ऐकवला होता. माणूस मनात नात्यांचे चारच साचे बाळगतो. एका ताटात जेवणाऱ्यांचा, वरच्या-खालच्या पायरीचा, पाळीचा आणि सौद्याचा. एकाच्या मनात एक साचा, दुसऱ्याच्या मनात दुसरा, की भांडण झालंच.

“बोल ना,” अचलनाथ म्हणाले. “तुझं-माझं?”

“पायरीचं, महाराज. आपण वर, मी खाली.”

अचलनाथ गादीवरून उठले. जमिनीवर बसले. गादीकडे बोट दाखवून म्हणाले, “बस.”

त्रिविक्रम क्षणभर घुटमळला. मग बसला. पाठ आपोआप ताठ झाली.

“आता?”

“आता मी वर, आपण खाली. पायरी तीच.”

“हुशार आहेस.” अचलनाथ मनापासून म्हणाले. “तुला ताप आला होता, तेव्हा मी तुझं अंथरूण धूत होतो. ते?”

“आपली कृपा. कृपा वरून खालीच येते.”

“तुझ्या पानातली भाकरी मी उचलून खातो. ते?”

“आपला अधिकार.”

“हं...”

वाऱ्यानं कडुलिंबाची पानं ओट्यावर आली. अचलनाथ ती एकेक उचलून बाजूला ठेवू लागले. त्रिविक्रम गादीवरून बघत होता. एकाही प्रश्नाला तो अडला नव्हता. काशीच्या पंडितांच्या सभेतसुद्धा अडला नव्हता.

“सकाळी त्या दोघांच्या मनात काय आहे, ते त्यांना विचारलंस का रे?”

“विचारायची गरज पडली नाही. चेहऱ्यावर दिसत होतं.”

“आणि खरं निघालं.”

“खरं निघालं, महाराज.”

“मग सांग. पायरी तुझ्या मनात आहे. माझ्या मनात काय आहे?”

“आपल्याही मनात...”

त्रिविक्रम थांबला.

उत्तर ओठांवर होतं. त्यानं गुरूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सकाळी त्या दोघांकडे पाहिलं होतं तसंच. पण तिथं त्याला काही वाचता येईना. ते ओलं अंथरूण पिळणारे हात आठवले. त्याच्या पानातली भाकरी मोडताना महाराज हसायचे, ते आठवलं. ही कृपा आहे, हा अधिकार आहे, हे कुणी सांगितलं होतं? महाराजांनी कधीच नाही. त्यानंच ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी पायावर डोकं ठेवलं, तेव्हाच.

“मला...”

पुढचा शब्द त्याच्या तोंडातून आजवर कधी निघाला नव्हता. त्यानं गादीची कड मुठीत धरली, सोडली.

“मला माहीत नाही, महाराज.”

अचलनाथ पानं उचलतच राहिले.

त्रिविक्रम उठला. गादीवरून उतरला. आता पुढं बसावं की मागं, जवळ की लांब, हे त्याला कळेना. शेवटी तो तसाच उभा राहिला, नवख्यासारखा.

“महाराज... मी आपला कोण?”

अचलनाथांनी हातातलं पान खाली ठेवलं. मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला. गावाकडचं माणूस खूप दिवसांनी दारात दिसावं, तसा.

“अरे, ये, ये!” ते म्हणाले. “कधी आलास?”