जमादारांचं दिदबान

“पण मग चूक कोणाची, उस्ताद?”

बाबालाल शिकलगारांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात शेजारणीची विळी होती, आणि कानस तिच्या पात्यावरून सावकाश सरकत होती.

“मी स्वतः पाच गोळ्या झाडल्या,” हणमंत म्हणाला. “खाणीत, दोनशे पावलांवर. पाचही एका वाटीखाली झाकता येतील इतक्या जवळ लागल्या. त्याच बंदुकीतून, त्याच काडतुसांनी जमादारांनी सहा झाडल्या. एक तरी लागावी?”

“हं.”

“म्हणजे बंदुकीत दोष नाही.”

“नसेल.”

“मग?”

उस्तादांनी विळीला फुंकर मारली, अंगठ्यानं धार पाहिली आणि पुन्हा कानस हातात घेतली…

हणमंत पांचाळ या भात्यापाशी आठ वर्षं शिकला होता. संस्थान होतं तेव्हा इथे सात माणसं कामाला असायची. शिकारखान्याच्या बंदुका भिंतीला ओळीनं टेकलेल्या असत, आणि जवसाच्या तेलाचा वास थेट रस्त्यापर्यंत जाई. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला. हणमंत पुण्याला गेला, लेथ घेतली, नाव कमावलं. उस्ताद इथेच राहिले. आता त्यांच्याकडे विळ्या यायच्या, अडकित्ते यायचे, कधी एखादं शिलाई मशीन.

अकरा वर्षांनी हणमंत आज परत आला होता, तो पिराजीराव इंगवल्यांसाठी.

पिराजीराव म्हणजे शिकारखान्याचे जमादार. दर दसऱ्याला गावाबाहेरच्या माळावर बांबूला मडकं टांगायचे आणि दोनशे पावलांवरून ते फोडायचा मान त्यांचा असायचा. एकोणीस दसरे त्यांनी तो राखला. हणमंत लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून ते बघायचा. आधी धुराचा ढग, मग आवाज, मग मडक्याच्या खापऱ्या… बंदुका दुरुस्त करायचं वेड त्याला तिथेच लागलं.

पण गेली तीन वर्षं मडकं तसंच लटकत राहिलं होतं. जमादारांना पासष्टावं लागलं. लांबचं त्यांना अजून दिसे, जवळचं मात्र अंधुक होई. नळीवरच्या दिदबानाची खाच दिसेनाशी झाली, आणि जिथून नेम धरायचा तीच खाच दिसत नसेल तर नेम कसला? त्यात यंदा कचेरीतून निरोप आला होता की पुढच्या वर्षापासून माळावर बार काढायला परवानगी नाही.

हे कळल्यावर हणमंतनं पुण्याहून पत्र टाकून बंदूक मागवून घेतली. महाराजांनी जमादारांना बक्षीस दिलेली ती एकबारी रायफल होती. तिचा घोडा मागे ओढायचा, अंगठ्यानं पोलादी ठोकळा मागे फिरवायचा, काडतूस सारायचं आणि ठोकळा परत फिरवून मिटायचा. बार उडताना घोडा येऊन त्याच ठोकळ्याखाली टेकतो आणि कुलूप लागल्यासारखं सगळं घट्ट होतं. आता अशी बंदूक कोणी बनवत नाही.

तिच्या घोड्यामागे एक लोखंडी पट्टी खांद्याला लावायच्या दस्त्याच्या लाकडात उतरते. उस्तादांच्या कारखान्यात तिला शेपूट म्हणत. त्या शेपटीवर हणमंतनं नवं दिदबान उभं केलं होतं. त्याला खाच नव्हती, एक बारीक छिद्र होतं. ते डोळ्याच्या अगदी जवळ येतं, आणि सुईच्या नेढ्यातून बघावं तसं म्हाताऱ्या डोळ्यालासुद्धा लख्ख दिसतं. काम त्यानं जीव ओतून केलं होतं. शेपटीला नवं भोक पाडलं नाही, जुन्या स्क्रूंच्या भोकांतच ते बसवलं. घोडा पूर्ण मागे ओढला तरी दिदबानाला घासत नव्हता. मागचं उंच झालं म्हणून नळीच्या टोकावरची नेमाची माशीही त्यानं त्या हिशेबानं उंच घडवली.

आणि जमादारांच्या सहाच्या सहा गोळ्या मातीत गेल्या होत्या.

“डोळा गेला, हणमंता,” खाणीतून परतताना ते बोळक्या तोंडानं म्हणाले होते. “तुझी मेहनत वाया गेली बघ.”  आत्ता ते बाहेर ओट्यावर हातात टोपी धरून बसले होते.

उस्तादांनी विळी बाजूला ठेवली.

“आण ती इकडे.”

त्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली. दिदबान बोटानं हलवून पाहिलं, घोडा ओढला, ठोकळा फिरवला. त्यांचा चेहरा खुलला.

“सुरेख काम आहे,” ते म्हणाले. “माझ्या हातून झालं नसतं.”

हणमंतला फार बरं वाटलं. आठ वर्षांत हे शब्द त्यानं कधी ऐकले नव्हते.

उस्तादांचा हात दस्त्यावरून फिरत एका जागी थांबला.

“इथे काळा डाग होता.”

“गाल टेकून टेकून पडला होता. घासून काढला. आठ दिवस तेल पाजलं लाकडाला, नव्यासारखं झालंय.”

“झालंय खरं…”

मग ते म्हणाले, “डोळे मीट.”

“माझे?”

“तुझेच. मीट, आणि बंदूक खांद्याला लाव. सवयीनं लावतोस तशी. लागली? आता उघड. काय दिसतं?”

“छिद्र. त्यात माशी. बरोबर मधोमध.”

“छान. पिराजी, आत ये रे.”

जमादार आत आले. त्यांनी आधी दारातूनच ऐरणीला नमस्कार केला. खंडेनवमी होती, ऐरणीवर झेंडूची दोन फुलं आणि हळदकुंकू होतं. उस्ताद दरवर्षी शेजारच्या लोहाराकडून ते वाहून घेत.

“डोळे मीट आणि बंदूक लाव,” उस्ताद म्हणाले.

“आता कशाला, बाबालाल? झालं की सगळं.”

“लाव म्हणतोय ना.”

जमादारांनी डोळे मिटले. बंदूक खांद्याला गेली आणि त्यांचं वय दहा वर्षांनी उतरल्यासारखं वाटलं. पाठ ताठ झाली, कोपर जागेवर आलं, गाल अलगद लाकडावर टेकला.  हणमंतला वडिलांचा खांदा आठवला.

“उघड. काय दिसतं?”

“…लोखंड.”

“म्हणजे?”

“दिदबानाचा खालचा भाग. भोक वर राहिलं. थांब, दिसेल…” जमादारांनी मान उचलली. “हां, आता दिसतं.”

“तसाच राहा. हलू नकोस.”

उस्तादांनी आपली करंगळी जमादारांचा गाल आणि दस्ता यांच्यामध्ये घातली. ती सहज आरपार गेली.

 त्यांनी हणमंतकडे पाहिलं.

जमादारांचा गाल आत गेला होता, पार बसला होता. लाकडावर टेकला की डोळा छिद्राच्या खाली राहायचा. छिद्रातून बघायचं तर गाल अधांतरी, मान ताणलेली, आणि मानेबरोबर बंदूकही थरथरती. हणमंतला ते थरथरणं आता दिसत होतं. सकाळी खाणीतही ते त्याच्या डोळ्यांसमोरच होतं, पण तेव्हा तो गोळ्या कुठे लागतात ते बघत होता.

“दिदबान खाली घेतो,” तो घाईनं म्हणाला. “मग माशीही नव्यानं घडवावी लागेल. पुण्याला जाऊन यायला…”

“मडकं उद्या आहे.”

“मग काय करू, उस्ताद?”

उस्ताद उठले. खुंटीवरचा कातडी एप्रन त्यांनी खाली काढला. त्याला ठिणग्यांनी भोकं पडली होती. धड होता तेवढा भाग त्यांनी कात्रीनं कापला आणि हणमंतपुढे धरला.

“दस्त्यावर? हे ठिगळ?” हणमंतच्या तोंडून निघून गेलं. “उद्या सगळं गाव बघणार. लोक म्हणतील, पुण्याच्या कारागिराचं काम…”

उस्तादांचा हात तसाच पुढे राहिला…

हणमंतनं कातडं घेतलं.

दोऱ्याला मेण लावून, आरीनं भोकं पाडून त्यानं ते दस्त्याच्या पाठीवरून गुंडाळून शिवलं. एक थर कमी पडला. दुसरा घातला. प्रत्येक वेळी जमादार डोळे मिटायचे, बंदूक लावायचे, डोळे उघडायचे.

“अजून लोखंडच.”

तिसरा थर घातला.

“आता डोळा भोकाच्याही वर गेला.”

मग तिसरा थर काढून त्यानं चाकूनं निम्मा तासला आणि परत शिवला. बोटांना आरी लागली. टाके वेडेवाकडे आले, कारण मान वर करून तो दर टाक्याला जमादारांच्या गालाकडे बघत होता.

जमादारांनी पुन्हा डोळे उघडले.

“काय दिसतं, जमादार?” हणमंतनं विचारलं.

“माशी,” ते म्हणाले. “तीन वर्षांनी दिसली रे.”

दसऱ्याला माळावर पूर्वीसारखी गर्दी नव्हती. तंबू नव्हते, नौबत नव्हती. साठसत्तर माणसं, चार बैलगाड्या, शाळेचे हेडमास्तर आणि कचेरीचा एक शिपाई. तीन गोळ्यांची परवानगी होती. दस्त्यावरचं कातडं बघून दोघे-तिघे हसले. हणमंतनं ते ऐकलं आणि तो जमादारांच्या आणखी जवळ जाऊन उभा राहिला.

पहिली गोळी बांबूच्या उजवीकडे धूळ उडवून गेली.

“वारा आहे,” उस्ताद म्हणाले.

जमादारांनी ठोकळा फिरवला, रिकामं काडतूस काढलं, नवं सारलं. घाई नव्हती. त्यांनी गाल टेकला आणि तो तिथेच राहिला. मान उचलली गेली नाही. बांबूवरचं मडकं किंचित डोलत होतं. ते स्थिर होईपर्यंत जमादारही थांबले…

बार झाला. काळ्या दारूच्या धुरात समोरचं सगळं नाहीसं झालं.

“काय झालं?” जमादारांनी विचारलं. “हणमंता, बोल ना. काय झालं?”

हणमंतनं बांबूकडे बोट दाखवलं. धूर विरत होता, आणि बांबूला फक्त दोरी हलत होती. तिकडे पोरंबाळं, बाया, हेडमास्तरसुद्धा खापऱ्या वेचायला पळत सुटले होते.

तिसरं काडतूस जमादारांनी बंदुकीत घातलं नाही. ते खिशात टाकून त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि आपट्याचं पान आधी बाबालाल उस्तादांच्या हातात ठेवलं. दोघांनी गळाभेट घेतली. मग जमादारांनी हणमंतला जवळ ओढलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मागे वडिलांच्या खांद्यावरून उतरल्यावर एकदा फिरवला होता तसा. ते त्यांना आठवत असणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी परतताना गुरू-शिष्य दोघेच वाटेनं चालत होते. उस्तादांचा चालण्याचा वेग आता खूपच कमी झाला होता. हणमंत मुद्दाम अर्धं पाऊल मागे राहत होता.

“उस्ताद, एक विचारू?”

“विचार.”

“आठ वर्षं मी तुमच्या हाताखाली काढली. कानस धरायला शिकवलंत, पोलादाला पाणी द्यायला शिकवलंत. ही डोळे मिटायला लावायची गोष्ट तेव्हाच का नाही शिकवलीत?”

उस्ताद थांबले. थोडा दम खाल्ला…

“तेव्हा पिराजीला सगळे दात होते.”