इंजिन गार होईपर्यंत

"म्हणजे तुझं ठरलंय?" अक्कांनी विचारलं.

"केबिनचीच घ्यावी, असं मला वाटतं," भार्गव म्हणाला.

"मग मला कशाला आणलंस?"

"तुम्ही एकदा बघावी म्हणून."

अक्का धक्क्याच्या पायरीवर उभ्या होत्या. पौषातली सकाळ होती आणि त्यांच्या पायात काही नव्हतं. त्या एका पायाचा तळवा दुसऱ्या पायावर घासत होत्या.

खाडीपलीकडच्या टेकडीवर अक्कांचा लहानसा मठ आहे. मठाची लाकडी होडी कुजली होती. त्यातच खाडीच्या तोंडाशी असलेल्या बंदरगावाने दर गुरुवारी प्रवचन करायला अक्कांना बोलावलं होतं. त्यांना आता एवढा प्रवास झेपत नव्हता. त्यांच्या जागी त्यांच्या शिष्याला, भार्गवला, जायचं होतं. पुष्कळ वर्षं त्यानं वाट पाहिली होती, आणि शेवटी विचारलंही होतं.

"आधी बोट बघ. मग बोलू," अक्का म्हणाल्या होत्या.

चांगली बोट निवडली की गुरुवार आपला, असं भार्गवनं गृहीत धरलं होतं.

बोटी केळुसकरांच्या होत्या. ते पर्यटकांना खाडीत फिरवायचे. आता धंदा बंद करून दोन्ही बोटी विकायला काढल्या होत्या. एकीला पुढे केबिन होती, आत झोपायला दोन बाकं, बारीक खिडक्या आणि दार. दुसरी उघडी होती. तिच्या पुढच्या टोकाला समोरासमोर बसायची जागा होती, आणि तिथल्या गाद्या उसवून आतला पिवळा फोम बाहेर आला होता.

भार्गव पूर्वी जहाजावर इंजिनिअर होता. केबिनच्या बोटीच्या तळावर त्यानं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिलं. फळी उचलून आत पाणी साचलंय का ते पाहिलं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं. उघडीकडे त्यानं धक्क्यावरूनच पाहिलं.

"ही बंदिस्त आहे, अक्का. तास-दीड तासाची वाट. आत शांत बसता येईल, विचार करता येईल. त्या दुसरीत पुढं बसणारा नखशिखांत भिजणार. त्या अवस्थेत लोकांपुढे बसायचं कसं?"

अक्का वाकून केबिनमध्ये गेल्या. बाकावर बसल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या.

"खाडी दिसत नाही."

"खिडकी आहे ना."

"आहे. तिच्यात माझंच तोंड दिसलं."

केळुसकर हसले. "काच पुसून देतो अक्का. नवी दिसेल."

भार्गव हसला नाही. "केळुसकर, चालू करा."

केळुसकरांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. आवाज एकसारखा होता. भार्गवनं अक्कांकडे पाहिलं.

"ऐकलंत? एका किल्लीत."

अक्कांचं लक्ष नव्हतं. बोटीच्या मागच्या बाजूला इंजिनावर मोठं झाकण होतं. अक्का त्या झाकणावर चढून बसल्या होत्या आणि दोन्ही पाय वर घेतले होते.

"इथं बरी ऊब आहे रे. मघाशी आल्या आल्या इथंच हात ठेवले, तेव्हा जिवात जीव आला."

"आल्या आल्या?"

"हो."

"इंजिन चालू व्हायच्या आधी?"

"मला काय ठाऊक. मला थंडी वाजत होती."

भार्गवनं इंजिन बंद करायला लावलं. मग तो केळुसकरांसमोर जाऊन उभा राहिला.

"आम्ही यायच्या आधी तुम्ही हे चालवून ठेवलं होतं."

केळुसकरांनी खांद्यावरचा पंचा काढून उगाचच झटकला.

"ठेवलं होतं."

"गार असताना चालू होत नाही म्हणून?"

"होतं हो. जरा आढेवेढे घेतं, एवढंच."

"ही फसवणूक आहे."

"कसली फसवणूक, महाराज? पाहुणे यायचे म्हटलं की माणूस अंगण झाडून ठेवतो. अक्कांच्या पाया पडायला पहिल्यांदा गेलात, तेव्हा पारोसे गेला होतात काय?"

अक्का मोठ्यानं हसल्या. भार्गवचे कान लाल झाले.

"हे गार होईपर्यंत आम्ही इथून हलणार नाही," तो म्हणाला. "मग पुन्हा चालू करून दाखवा."

"बसा की. चहा सांगतो." केळुसकरांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "शालन! चहा टाक गं!"

भार्गवनं अक्कांना खाली उतरवलं आणि झाकण उघडून ठेवलं. सगळे धक्क्याच्या कठड्यावर बसले. भरती अजून चढत होती. बोटी हळूहळू वर येत होत्या.

"नुसतं काय बसायचं?" अक्का म्हणाल्या. "भार्गवा, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"गुरुवारी जे बोलायचंय ते."

भार्गव लगेच सावरून बसला. त्यानं उपरणं नीट केलं. डोळे क्षणभर मिटले आणि बोलायला सुरुवात केली. विषय आसक्ती. माणूस वस्तू धरून ठेवत नाही, वस्तूत स्वतःला धरून ठेवतो, असं तो म्हणाला. मूठ उघडली की हात रिकामा होत नाही, मोकळा होतो, असंही म्हणाला. कुठेही अडखळला नाही. जिथे थांबायला हवं तिथे थांबला आणि जिथे आवाज उतरवायला हवा तिथे उतरवला.

"वा!" केळुसकर म्हणाले. "काय बोलता हो! आमच्या गणपतीत याल काय? मागच्या वर्षी आणलेल्या माणसानं नुसती झोप आणली."

भार्गव अक्कांकडे पाहत राहिला.

अक्का उठल्या. त्याच्याजवळ आल्या. मघाशी इंजिनाच्या झाकणावर ठेवला होता तसा त्यांनी आपला उजवा तळहात त्याच्या छातीवर टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला.

भार्गवनं मान खाली घातली. "पहाटे हेच म्हणून पाहिलं होतं एकदा," तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, "दोनदा."

अक्का परत आपल्या जागी जाऊन बसल्या.

"केळुसकर, ती दुसरी चालू करा बघू."

"उघडी? तिला आज हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, ती कोण घेतंय."

"म्हणूनच."

केळुसकर नाराजीनं उघड्या बोटीत उतरले. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली. पांढरा धूर आला, सगळी बोट थरथरली आणि परत सगळं शांत झालं. केळुसकर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. पुढच्या खेपेला इंजिन कुरकुरत चालू झालं. आधी वेडंवाकडं चाललं, मग हळूहळू एका आवाजावर आलं.

त्या धुरातून शालन चहाची किटली घेऊन आली. तिनं पदर नाकाशी धरला होता.

"बंद करा हो ते!" ती नवऱ्यावर ओरडली. इंजिन बंद झालं. तिनं आधी अक्कांना चहा दिला, मग भार्गवला. कप त्याच्या हातात देताना ती थांबली.

"महाराज, वरपर्यंत ऐकू येत होतं तुमचं. छान बोलता. एक विचारू?"

"विचारा ना."

"ह्या बोटी आम्ही आमच्या नितेशसाठी घेतल्या होत्या. तो दुबईला गेला. म्हणतो, मी काय आता येत नाही, विकून टाका. विकल्या तर त्याला यायला काय कारण उरलं? नाही विकल्या तर ह्या अशा उभ्या उभ्या कुजतात. मी काय करू?"

केळुसकर बोटीतून वर चढत होते, ते तिथेच थांबले. त्यांना हे नवीन असावं.

"ताई," भार्गव म्हणाला, "मूठ उघडली की..."

शालन त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या हातात अजून किटली होती.

भार्गवनं वाक्य पुरं केलं नाही.

"म्हणजे, आसक्ती ही..."

त्यानं कप खाली ठेवला. परत उचलला. घसा खाकरला.

"मी घर सोडलं, तेव्हा माझी एक सायकल होती," तो म्हणाला. "निळी. आईनं ती विकली नाही. ओट्यावर ठेवली. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची, त्याची आहे, तो येईल तेव्हा लागेल."

"मग?"

"गंजली. बहिणीनं कळवलं होतं."

"तुम्ही गेलात की नाही?"

"नाही."

"सायकल होती तरी?"

"सायकल होती तरी."

"आणि ती नसती तर? गेला असता?"

"माहीत नाही," भार्गव म्हणाला. "सायकलीचा मी कधी विचारच केला नाही. आईचासुद्धा नाही. तुम्ही आत्ता विचारलंत, तेव्हा केला."

शालननं किटली खाली ठेवली आणि ती कठड्यावर बसली. दोन्ही बोटींकडे पाहत राहिली.

"आई आहे ना अजून?" तिनं विचारलं.

"आहे."

"मग फोन करा तिला. आज करा."

भार्गवनं मान हलवली.

"म्हणजे येणारा सायकलीसाठी येत नाही," शालन स्वतःशीच म्हणाली. मग उठली आणि पदर खोचला. नवऱ्याला म्हणाली, "देऊन टाका हो. दोन्हींपैकी त्यांना हवी ती द्या. आणि नितेशला सांगा, विकली म्हणून. मीच सांगते."

ती किटली घेऊन घराकडे गेली. ह्या वेळी तिनं भार्गवला 'छान बोलता' म्हटलं नाही.

केळुसकरांनी केबिनच्या बोटीच्या इंजिनाला हात लावून पाहिला. "गार झालंय. चालू करून दाखवू का, महाराज?"

"राहू दे," भार्गव म्हणाला. तो अजून घराच्या दाराकडे पाहत होता.

"मग कुठली न्यायची, अक्का?" केळुसकरांनी विचारलं.

अक्का तोवर उघड्या बोटीत उतरल्या होत्या आणि मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हातानं बोटीचं पुढचं टोक दाखवलं, जिथे गाद्या फाटल्या होत्या.

"भार्गवा, तिथं बस. गुरुवारी तुला तिथंच बसायचंय."

भार्गव खाली उतरून पुढं जाऊन बसला.

केळुसकरांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याच्यापुढे धरला. "हा ठेवा, महाराज. तिथं बसणारा अंगभर भिजतो. गावात शिरायच्या आधी पुसायला होईल."

"नको, केळुसकर," अक्का म्हणाल्या. "खाडीतून आलाय, हे दिसू दे लोकांना."