भिवराईची पाथरी

फार वर्षांपूर्वी, खडकउंबऱ्याच्या वेशीला अजून कमानही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावात भिवरा नावाची बाई होती. लोकांच्या रानात खुरपायला जायची. तिच्याइतकी तोंडाळ बाई पंचक्रोशीत झाली नाही, असं म्हणतात.

त्या साली पाऊस फिरकला नाही. गाव कोरडी भाकरी मिठाशी खाऊन दिवस ढकलत होतं. भिवराची लेक चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि दिवस मावळला की तिला दिसेनासं होऊ लागलं. चुलीपर्यंत पोर भिंत चाचपत जायची. पाटील म्हणाला, "बाधा आहे. अमावास्येला हिला वेशीबाहेर ठेवा."

भिवराला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं चालायचं. तिची आई दुष्काळात पाथरी खाऊ घालायची. पाथरी बांधावर जमिनीला चिकटून पसरते. पान तोडलं की पांढरा चीक येतो, फूल पिवळं, चव कडसर. पण माणसानं तण खायचं म्हणजे गावात लाज. बायका ती खुरपून ढोरांपुढे टाकायच्या. भिवरानं ओटी भरून आणली. कोवळी पानं कच्ची, जून पानं लसूण-तेलावर परतून, लेकीला दोन्ही वेळा घातली.

भैरोबाच्या भंडाऱ्याला पाटलानं तिला पंगतीतून उठवलं. "ढोराचं खाणाऱ्यानं ढोरातच बसावं!"

"मग वाढा की गोठ्यात! पाटील, तुमच्यापरीस बैल शहाणे हायती. दिवस बुडाल्यावर त्यास्नी दिसतंय."

ती खरंच पाटलाच्या गोठ्यात जाऊन बसली, लेकीला घेऊन, दोन बैलांच्या मधे. रोज दुपारी तिथंच बसून पाथरी खायची. पाटलानं चिडून सगळे बांध खरवडून काढले. सकाळी तेच बांध पिवळ्या फुलांनी भरलेले असायचे. भिवरा पाय आपटत गेली की पावलागणिक पान फुटायचं, असं म्हणतात.

अमावास्येला दिवेलागणीला पाटील माणसं घेऊन तिच्या दाराशी आला. चंद्रा उंबऱ्यावर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "पाटीलबाबा, पायापाशी इंचू हाय."

"कुठाय?" पाटील वाकून चाचपू लागला. विंचू त्याच्या बोटापासून वीतभर होता. एकानं तो वहाणेनं चिरडला, आणि सगळे पाटलाकडे बघू लागले. पाटलालाच दिसत नव्हतं. कैक दिवस तो ते लपवत होता.

भिवरा दारात येऊन उभी राहिली. "आता कुणाला ठिवायचं वेशीबाहीर?"

दुसऱ्या दिवशी पाटील मुकाट गोठ्यात येऊन बसला. भिवरानं त्यालाही वाढलं. मग सगळं गावच खाऊ लागलं. पाटलाला दिवेलागणीला दिसू लागलं, लोकांच्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, फिकट चेहऱ्यांवर रंग आला, चंद्राला ठणठणीत मुलगी झाली.

भिवरा कधी गेली, कुणाला ठाऊक नाही. पण खडकउंबऱ्यात भंडाऱ्याची पहिली पंगत आजही गोठ्यात बसते. गरोदर लेकीसुना आधी बसतात, आणि पानावर पहिली पाथरी वाढायला पाटलाच्याच घरचा पुरुष वाकतो. देवाचा नैवेद्य त्यानंतर. एकदा एका पुजाऱ्यानं विचारलं, देवाच्या आधी बायका कशा? तेव्हा वाढणाऱ्या पाटलानं मानही वर केली नाही. म्हणाला, "देवाला दिसतंय की."