मशीननं धरला जात्याचा खुंटा

कंपनीचा माल कसा काय झाला रं? त्या खोत सुपरवायझरला सांग, त्या काचेच्या कपाटातलं लाकूड बाभळीचं हाय, आमच्या जात्याचा खुंटा हाय तो, आन् माझ्या बापानं तासलेला हाय. खोत तिकडं पंख्याखाली बसून फोनवर फर्मान सोडतोय, खुंटा गेटाबाहेर जाऊ देऊ नका म्हणून. आन् तू भरमू, स्टोअरची चावी कमरेला लावून माझ्यापुढं हुबा. मी हितला जुना कामगार, तू नवा हायस, तुला ठाव न्हाई. आधी ऐक.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. मगदूम मालकानं पुण्याच्या पार्टीला फोनवर सांगून टाकलं, आमच्या सीएनसी मशीनला, त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, चौथा ॲक्सिस हाय. म्हणजे काय, तर डावं-उजवं, मागं-पुढं, वर-खाली, हे तीन प्रत्येक मशीनला असत्यात. चौथा म्हणजे जॉब, ज्याला भोकं पाडायची तो लोखंडाचा तुकडा, आपणहून गोल फिरला पायजे. एका अंगाला भोक पडलं की दुसरं अंग आपसूक वर. आपल्याकडं तसलं काय बी नव्हतं. हुता एक जुना रोटरी टेबल, लोखंडी चाक आन् बाजूला हँडल. हँडल मारलं की चाक जरा जरा फिरतं, पर ते मारायला माणूस लागतो. आन् पुण्याचे सायेब तर शनिवारी बघायला येणार, पसंत पडलं तर वर्षाचं काम देणार. आधी सांगून बसला, मग शोधायला लागला. मालक माणूस, त्याला कोण बोलणार?

पर वैजू हसली. वैजू म्हणजे माझ्या भावाची पोरगी, त्याच मशीनवर ऑपरेटर. तिला हसू आवरत न्हाई, बारकी असल्यापासनं. मालकाला मिरच्या झोंबल्या.

"हसलीस न्हवं? आता तूच बसव चौथा ॲक्सिस. न्हाई जमलं तर शनिवारपासनं बर काढायच्या बाकड्यावर."

बर काढायची म्हणजे कानस घेऊन दिवसभर लोखंडाची कुसळं घासत बसायचं. त्या बाकड्यावरनं मशीनवर यायला पोरीनं किती जणांशी भांडणं केली ते मला ठाव. आन् मालकाच्या अटी तर ऐक. मोटर आणायची न्हाई. मशीनच्या पेटीतली एक वायर सोडायची न्हाई, का, तर गॅरंटी जाती. आन् काम चालू झालं की मशीनचं दार बंद, आत माणसाचा हात जायला नको. खोत प्रत्येक अटीला मान डोलावत हुता. त्यानं तर तिच्यासाठी बाकडं पुसून बी ठेवलं.

त्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या पोराची हळद. आमच्याच दारात जातं मांडलेलं, बायका दळायला बसलेल्या. वैजू बसली, खुंटा धरला, फेरे मारले आन् मधीच थांबली. बाकीच्या गाणी म्हणत्यात आन् ही आपल्याच मनगटाकडं बघत बसली. दळण उरकल्यावर तिनं खुंटा उपसला आन् पिशवीत घातला. माझी बायको वरडली. ही म्हणती, काकू, शनिवारी परत देते. त्या शनिवारला आता वर्ष होत आलं, ध्यानात ठेव.

शनिवारी सायेब आले. मालक कडक इस्त्रीत, पर चेहरा पाक उतरलेला. रोटरी टेबल मशीनमध्ये उभा बांधलेला, हँडल वरच्या अंगाला. हँडलची मूठ काढलेली, तिथं नुसतं भोक. वैजूनं जॉब लावला, दार ओढलं, बटण दाबलं आन् दोन्ही हात पाठीमागं घेऊन उभी ऱ्हायली.

मशीननं एक भोक पाडलं. वर गेलं, ड्रिल ठेवून दिलं आन् दुसरं हत्यार उचललं. ते हत्यार म्हणजे आमचा खुंटा. हळूच खाली आला, हँडलच्या भोकात शिरला, आन् मशीनचा खालचा बिछाना, ज्यावर टेबल बांधलेला, डावं-उजवं, मागं-पुढं सरकत गोल गोल फिरायला लागला. माझी बायको दळती तसंच. फरक येवढाच, आमच्यात खुंटा फिरतो, हितं खुंटा जागेवर आन् सगळं जातंच त्याच्याभवती घुमतंय. हँडल फिरलं, चाक फिरलं, जॉबचं दुसरं अंग वर. खुंटा गेला, ड्रिल आलं, दुसरं भोक.

खोत पुढं झाला. "ही फसवणूक हाय. चौथ्या ॲक्सिसला चौथी मोटर लागती."

"सायेब, घरात चौथं माणूस जेवायला आलं तर तुम्ही चौथी चूल मांडता व्हय?" वैजू खोताला म्हणली. "तीन मोटरी हायत की आत. भोक पाडून झालं की रिकाम्याच बसत्यात."

पुण्याच्या सायबानं इचारलं, लोखंडाची दांडी का न्हाई लावली?

"हिशोब चुकला तर लाकूड मोडंल. मशीन मोडलं तर मालक मला मोडतील."

आधी सायेब हसले, मग मालक. असा हसला की उभं ऱ्हाईना, जाऊन त्या पुसून ठेवलेल्या बाकड्यावरच बसला. काम तिथंच मिळालं. मालक डोळं पुसत म्हणला, मशीन तुझंच, आणि काय पायजे ते माग.

वैजू म्हणली, "मोटर आणा. खुंटा काकूचा हाय, तिला दळायचंय."

मालक पुन्हा हसायला लागला.

आली की मोटर. पेटी उघडली, वायरी जोडल्या, गॅरंटीचं नाव बी कुणी काढलं न्हाई. आन् खुंटा? तो तुझ्या खोतानं काचेत ठेवला, खाली पाटी लावली, 'आमचा पहिला चौथा ॲक्सिस'. पाव्हणं आलं की असा दाखवतो जसा ह्यानंच तासलाय.

उद्या आमच्या घरात हळद हाय. वैजूचीच. बायका बिनखुंट्याचं जातं मांडून बसल्यात, आन् माझ्या बायकोनं मला रिकाम्या हातानं घरात घ्यायचं न्हाई म्हणून सांगितलंय.

काढ चावी. उघड कपाट. खुंटा दे.