भिंतीवरचं चिलखत

फार जुन्या काळी, बायझंटाईन साम्राज्याच्या सीमेवरच्या एका गावात लिओन्तिओस नावाच्या चित्रकाराने चर्चच्या भिंतीवर एक योद्धा संत रंगवला. नमुन्यासाठी त्याने एका मेलेल्या शिपायाचं जुनं चिलखत समोर टांगलं होतं. रंगवताना मात्र त्याने सगळे पोचे गाळले आणि वर सोन्याचा वर्ख लावला.

रंगवलेलं चिलखत तोऱ्यात म्हणालं, "आजोबा, तुमच्या अंगावर किती हे पोचे! लोक येतात ते मला बघायला."

"येऊ देत," जुनं चिलखत म्हणालं. "हा पोचा भाल्याचा. त्या दिवशी माझ्या आतला माणूस वाचला, म्हणून पुढे लेकीच्या लग्नात नाचला."

"मग माझ्या आत कोण आहे?"

"भिंत आहे, बाळा," जुनं चिलखत म्हणालं.

त्यानंतर चित्रातल्या चिलखताला कौतुकाने बरं वाटेना.

एके दिवशी गावावर शत्रू चालून आला. स्तेफानोस कुंभार धावत आला आणि चित्रापुढे गुडघे टेकून म्हणाला, "मला सांभाळ." चित्रातल्या चिलखताला खाली उतरावंसं फार वाटलं, पण त्याचा एक पत्राही हलला नाही. कुंभाराने जुनं चिलखत अंगात घातलं आणि तो लढायला गेला.

तिसऱ्या दिवशी तो धडधाकट परतला. चिलखत छातीपाशी दुभंगलं होतं. त्याने ते कोपऱ्यात ठेवलं.

"आजोबा," चित्रातल्या चिलखताने हाक मारली. उत्तर आलं नाही.

मग सारा गाव मेणबत्त्या घेऊन चित्रापुढे जमला. "तूच आमच्या स्तेफानोसला वाचवलंस," म्हणत लोक वाकू लागले. सोनेरी चिलखताला खरं काय ते सांगायचं होतं. पण त्याचं बोलणं ज्या एकट्यालाच ऐकू यायचं, ते जुनं चिलखत कोपऱ्यात गप्प पडलं होतं.