दुसरं ताट

निद्रागिरी डोंगराने झोपेत कूस बदलली आणि त्याच्या अंगावरची वाट पलीकडे गेली. तेव्हापासून इंदुलाच्या धर्मशाळेत कुणीच फिरकलं नव्हतं. तरी ती रोज दोघांचा स्वयंपाक करायची आणि एकटीच जेवायची.

वर्ष भरलं त्या दुपारी राजाचे म्हातारे कारभारी दाजीपंत शिपायांसह कुलूप घेऊन आले. आधी पोटभर जेवले, मग म्हणाले, "वर्षभर पाहुणा नाही, तर धर्मशाळा बंद. नियम आहे, पोरी."

"आज तुम्ही जेवलात की!"

"मी पाहुणा नव्हे, अधिकारी आहे. मोठ्यांशी वाद घालू नकोस."

"बरं. मग ताट उचला काका, आणि विहिरीवर घासून आणा."

"मी? ताट घासू?"

"इथली रीतच आहे. मी फक्त पाहुण्याचं ताट उचलते. बाकी राजा आला तरी आपलं आपण घासतो."

दारातले शिपाई हसू दाबू लागले. दाजीपंतांनी जन्मात ताट उचललं नव्हतं. ते गुरगुरले, "उचल. पाहुणाच आहे मी."

कुलूप घेऊन ते आल्या वाटेने गेले.

इंदुलाने ताट विहिरीवर नेलं. वर्षभर तिने रोज एकच ताट घासलं होतं. हे दुसरं ती कितीतरी वेळ घासत बसली.